रक्सौल–वीरगंज : माणूस पलीकडे जातो, केसपेपर अलीकडेच राहतो

गंडकीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. लसीकरणाच्या देखरेखीच्या कामानिमित्त मी काही वर्षे बिहारमधील रक्सौलला राहत होतो. रक्सौल आणि नेपाळमधील वीरगंज ही म्हणायला दोन देशांतील शहरे. प्रत्यक्षात मध्ये एक नदी, एक पूल आणि टांगे व ई-रिक्षांची न संपणारी रांग. १९५० च्या करारामुळे दोन्हीकडच्या नागरिकांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. लोक भाजी घ्यायला, शाळेत शिकवायला, मुलगी पाहायला आणि दवाखान्यात दाखवायला सहज ये-जा करतात. रोटीबेटी व्यवहार तर इतका जुना आहे की, अर्ध्या घरांचे व्याही पलीकडचे असतात.

पुलाच्या तोंडाशी आमचा पोलिओचा बूथ असे. दोन खुर्च्या, लसीचा डबा आणि बोटाला लावायचा मार्कर, इतकाच सरंजाम. भारतातील शेवटचा पोलिओरुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी विषाणू बाहेरून येऊ शकतो म्हणून सीमेवरचे बूथ चालूच राहिले. एकदा टांग्यातून उतरलेल्या एका बाईने बाळाची डावी करंगळी आमच्यासमोर धरली. शाई अजून ओली होती. पलीकडच्या बूथवर दहा मिनिटांपूर्वीच डोस पाजलेला होता. आमच्या स्वयंसेवकाने तरीही पुन्हा दोन थेंब पाजले आणि त्याच शाईवर आपली शाई लावली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ती त्यांची शाई आहे. आपल्या फॉर्ममध्ये धरत नाहीत."

जास्तीच्या थेंबांनी बाळाचे काही बिघडत नाही, हे मला ठाऊक होते. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. साथ आली की आपल्याकडे पहिली मागणी होते, "सीमा बंद करा." अशा सीमेवर ती बंद करणे शक्य असते का, आणि झाली तरी रोग थांबतो का? आपापले अनुभव सांगावेत.

---

नियमावली

मी स्पष्टच लिहितो. व्हिसा नको हे मान्य, पण आरोग्य तपासणीही नको, हे कोणत्या शास्त्रात बसते? प्रत्येक नाक्यावर तपासणी आणि बाहेरच्या माणसाकडे आरोग्याचा दाखला, हे किमान असायला हवे. आपल्या रुग्णालयांत आपल्याच माणसांना खाट मिळत नाही, तिथे शेजाऱ्यांचा भार किती दिवस उचलायचा? भावनेपेक्षा व्यवस्था महत्त्वाची आहे.

---

गंडकीकाठ

नियमावलीजी, सीमा १,७५१ किलोमीटरची आहे आणि ती उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल व सिक्कीम या पाच राज्यांना लागते. नाके मोजके आणि मधली सगळी शेते. दोन देशांच्या मध्ये 'दसगजा' नावाची मोकळी पट्टी आहे, दहा-दहा गजांची. तिच्यावर मी क्रिकेटचे सामने पाहिलेले आहेत. चौकार गेला की चेंडू आणायला परदेशी जावे लागते. तुम्ही नाक्यावर तापमान मोजत बसलात, तर ताप असलेला माणूस उसाच्या शेतातून जाईल आणि नाक्यावरून फक्त निरोगी लोक जातील.

---

चौकसबुद्धी

म्हणजे तपासणीचा निकाल शंभर टक्के समाधानकारक येईल. अहवालासाठी उत्तम! 😀

---

निवृत्त वैद्य

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

काला-आजाराचे उदाहरण घ्या. उत्तर बिहार आणि त्याला लागून असलेली नेपाळची तराई (डोंगरपायथ्याचा सपाट प्रदेश) हा या रोगाचा जुना पट्टा. महिनोन्महिने ताप, वाढलेली प्लीहा, खंगत जाणारे शरीर. उपचार न मिळाल्यास मृत्यू जवळजवळ निश्चित. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी २००५ साली एकत्र येऊन याच्या निर्मूलनाचा करार केला आणि दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, असे लक्ष्य ठरवले. गंमत पाहा : भारतात हे लक्ष्य तालुक्याएवढ्या गटाच्या पातळीवर मोजतात, नेपाळमध्ये जिल्ह्याच्या. एकाच रोगाला दोन मोजपट्ट्या. तरीही काम झाले; बांगलादेशाला २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाची मान्यता दिली.

लोकांना वाटते की, वाळूमाशी सीमा ओलांडून रोग आणते. ती बिचारी फार लांब उडत नाही. गोठ्यातल्या ओलसर मातीत आणि भिंतींच्या भेगांत ती जगते. रोग लांबवर नेतो तो माणूस. काला-आजारातून बरे झालेल्या काही जणांच्या त्वचेवर पुढे फिकट चट्टे किंवा गाठी उठतात. त्यांना दुखत-खुपत काहीच नसते, ते दवाखान्यात जात नाहीत आणि त्यांना चावलेली माशी रोग पुढे पसरवू शकते. असा माणूस नाक्यावरून हसत हसत जाईल आणि तुमचा तापमापक त्याला नमस्कार करील.

आता कागदाची गोष्ट. बिहारमध्ये काला-आजाराच्या रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी राज्य आणि केंद्र मिळून ७,१०० रुपये देत असत. रक्कम चांगली, हेतूही चांगला. पण त्यामुळे पलीकडचा रुग्ण अलीकडच्या मेहुण्याचा पत्ता देई. नोंद झाली की फवारणीचे पथक त्या पत्त्यावर जाऊन मेहुण्याच्या भिंती फवारून येई. ज्या घरात त्याला माशी चावली, ते घर नेपाळमध्ये तसेच कोरडे राही. मी हे स्वतः एकदा शोधून काढले होते. मेहुणा मात्र खूश होता, कारण त्याच्या घरातले डासही गेले!

---

हापूसवाली

निवृत्त वैद्यकाका, तुमचा मेहुणा वाचून हसू आले आणि पाठोपाठ आमच्या बागेतला माणूस आठवला. सीमा रत्नागिरीपासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर आहे, असे वाटत असेल तर ते खरे नाही. आमच्या भागात आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे वर्षानुवर्षे येतात. दिवाळीच्या आसपास येतात, मोहोर ते काढणी बागेत राहतात आणि मृगाचा पाऊस लागला की गावी जातात.

आमच्याकडे कैलाली जिल्ह्यातले एक जोडपे असते. तीन वर्षांपूर्वी त्याला माघात खोकला सुरू झाला. आंब्यावरच्या फवारणीमुळे असेल, असे आम्ही धरून चाललो, ही आमची चूक. रात्री माचीवरून खोकल्याचा आवाज घरापर्यंत येऊ लागला, तेव्हा बेडका तपासला. क्षयरोग निघाला. मार्चच्या सुरुवातीला औषध चालू झाले. सहा महिन्यांचा कोर्स. आशाताई स्वतः येऊन गोळ्या देत होत्या, तिच्याबद्दल बोलावे तितके थोडे आहे. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारे पैसे त्याला मिळाले नाहीत, कारण आधार नाही; आम्ही अंडी आणि दूध सुरू केले.

जूनमध्ये साडेतीन महिने झाले होते. अंगावर मांस चढले होते, खोकला गेला होता आणि गावी भातलावणी उभी होती. तो थांबणे शक्य नव्हते. आशाताईने पदरची खटपट करून महिनाभराच्या गोळ्या आणि मराठीत भरलेले उपचाराचे कार्ड दिले. तो गौरीफंट्याच्या नाक्यावरून धनगढीला गेला आणि गोळ्या संपल्यावर तिथल्या आरोग्य चौकीत प्रामाणिकपणे गेलाही. तिथल्या ताईला आपले कार्ड वाचता आले, कारण लिपी तीच आणि 'क्षयरोग' हा शब्दही तोच! पण तिने दिलेली गोळी निराळी निघाली. याच्या मनाने घेतले की, औषध बदलले म्हणजे जुना आजार संपला, ही नुसती ताकदीची गोळी आहे. पंधरा दिवसांत बंद केली.

कार्तिकात परत आला तो पुन्हा खोकतच. या वेळी औषधाला न जुमानणारा क्षयरोग आहे का, हे पाहायला तपासणी करावी लागली. सुदैवाने तसे निघाले नाही. पण निकाल येईपर्यंत त्याची बायको रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन काही न बोलता बसत असे.

---

निवृत्त वैद्य

हापूसवाली ताई, तुम्ही नकळत मुद्द्याच्या गाभ्याला हात घातलात. पहिले दोन महिने दोन्ही देशांत चार औषधे देतात. पुढच्या चार महिन्यांत आपल्याकडे त्यातली तीन चालू ठेवतात, नेपाळमध्ये दोन. दोन्ही पद्धती शास्त्राला धरून आहेत. त्या ताईने काहीच चुकीचे केले नाही. फक्त "तिकडे गोळी वेगळी दिसेल, घाबरू नका, तीच घ्या" हे एक वाक्य इकडून निघताना कोणी सांगितले नाही. सांगणार तरी कोण? तिकडे कोणती गोळी मिळते, हे आपल्या तालुक्याला ठाऊक नाही.

---

काठमांडूकर जोशी

नोकरीनिमित्त सहा वर्षे नेपाळमध्ये असल्यामुळे एक भर घालतो. कार्ड वाचता येते, तारीख वाचता येते, पण तारीख *कळत* नाही. नेपाळचा सगळा सरकारी कारभार विक्रम संवतात चालतो आणि वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या बाळाचे नेपाळी लसीकरण कार्ड सीमेपलीकडच्या भारतीय दवाखान्यात दाखवले. जन्म वर्ष २०७८. खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड उलटसुलट केले आणि गंभीरपणे म्हणाला, "इसका तो अभी जन्म ही नहीं हुआ."

---

चौकसबुद्धी

मग पहिला डोस कशाला, आगाऊ नोंदणी करून घ्यायची!

---

काठमांडूकर जोशी

हसण्यावारी नेऊ नका. त्या बाळाला आधी दिलेल्या लसी पुन्हा पहिल्यापासून दिल्या गेल्या. खरे तर भिंतीवर कालनिर्णय टांगणाऱ्या आपल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपणही शके, संवत आणि इसवी सन एकाच चौकटीत पाहतो. कार्डावर दोन्ही तारखा लिहिण्याचा रकाना छापायला किती खर्च येईल?

दुसरे म्हणजे, रुग्णांचा ओघ एकाच दिशेने आहे, हा नियमावलीजींचा समज तपासून घ्यायला हवा. डोळ्यांच्या उपचारांसाठी ओघ उलटा आहे. नेपाळच्या सिराहा जिल्ह्यात 'लहान' नावाचे गाव आहे. तिथल्या आणि विराटनगरच्या नेत्ररुग्णालयांत मोतीबिंदूसाठी येणारे बहुसंख्य रुग्ण बिहार-उत्तर प्रदेशातले असतात. रात्रभर बसने येतात, शस्त्रक्रिया करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत जातात. गाव 'लहान', पण उपकार मोठे.

---

नियमावली

लहानची माहिती मला नवी आहे, नोंद घेतली. पण तिथे रुग्ण पैसे मोजून जातो. सरकारी रुग्णालयातील मोफत औषधाचा हिशेब वेगळा असतो. आणि २०२० मध्ये दोन्ही देशांनी सीमा बंद केलीच होती ना? म्हणजे शक्य आहे.

---

पहाडवेडा

त्या काळात मी पिथौरागढ भागात अडकलो होतो, म्हणून यावर अधिकाराने बोलतो. मार्च २०२० च्या अखेरीस धारचुला येथील महाकाली नदीवरचा झुलता पूल बंद झाला. भारतात मजुरी करणारे शेकडो नेपाळी अलीकडे अडकले. पलीकडे त्यांचे घर दिसत होते. काहींच्या घरच्यांनी पलीकडच्या काठावरून हाका मारल्या. काही तरुणांनी त्या बर्फाच्या पाण्याच्या नदीत उड्या टाकल्या आणि पोहून पलीकडे गेले. तिथे पोचताच पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. पूल बंद झाला, हे खरे. माणसे मात्र दाटीवाटीने शाळांच्या खोल्यांत राहिली आणि पुढे मे-जूनमध्ये हजारोंच्या संख्येने एकदम घरी परतली. एकेकटी गेली असती, तर पाळत ठेवणे सोपे गेले असते. विषाणूची सोय नेमकी कोणी केली?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तेच. आपल्याकडे दुसरी लाट आली आणि पाठोपाठ नेपाळगंजची रुग्णालये भरली.

---

सांडपाणी विभाग

गंडकीकाठ, तुम्ही ज्या पुलाबद्दल लिहिलेत, त्याच्याखालून काय वाहते, ते लिहिले नाहीत! सिर्सिया नदी नेपाळच्या बारा आणि पर्सा या जिल्ह्यांतील कारखान्यांचे सांडपाणी घेऊन रक्सौलमध्ये उतरते. उन्हाळ्यात पाणी काळे आणि वास असा की, नाकाला रुमाल लावल्याशिवाय पूल ओलांडवत नाही. नदीला ना व्हिसा लागतो ना आरोग्याचा दाखला. तिला कोणत्या नाक्यावर अडवणार?

---

गंडकीकाठ

आठवण बरोबर आहे. मला तो वास इतका सवयीचा झाला होता की, लिहायचे राहून गेले. हीसुद्धा एक प्रकारची साथच म्हणायची. वीरगंजचे लोक म्हणतात की, कारखाने रोजगार देतात आणि त्यातले बरेच कामगार रक्सौलचेच असतात. तेही खोटे नाही.

---

बांधावरून

थोडे विषयांतर, पण सर्पदंशाचा उल्लेख व्हायला हवा. तराईत भातशेतीच्या दिवसांत नाग आणि मण्यार चावण्याचे प्रमाण मोठे आहे आणि नेपाळमध्ये वापरले जाणारे प्रतिविष भारतातून जाते. भारतीय गाडी नेपाळमध्ये न्यायची तर नाक्यावर 'भन्सार', म्हणजे जकातीची पावती फाडावी लागते. रुग्णवाहिकेलाही कधी कधी थांबवतात. पूर्व नेपाळच्या दमक भागात गावकऱ्यांनी यावर साधा उपाय केला. गावातल्या मोटारसायकलवाल्यांची यादी केली. साप चावला की चालक, मध्ये रुग्ण आणि मागे त्याला धरून बसणारा, असे तिघे थेट उपचार केंद्रात. त्या गावांमध्ये सर्पदंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. ट्रिपल सीट गुन्हा असेल, पण इथे मी पावती फाडणार नाही.

---

सावली

नियमावलीजींच्या 'दाखल्या'बद्दल मला गंभीरपणे लिहायचे आहे. मी मुंबईत एचआयव्ही समुपदेशनाचे काम केले आहे. पश्चिम नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांत या आजाराला एके काळी सरळ 'मुंबईचा रोग' म्हणत. नवरा मुंबईहून आला की गाव त्याच्याकडे त्या नजरेने पाही. १९९६ साली मुंबईच्या कुंटणखान्यांतून सोडवलेल्या नेपाळी मुलींपैकी शंभराहून अधिक जणींना नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी परत नेले, तेव्हा 'या रोग घेऊन आल्या' अशीच हाकाटी झाली होती. अशा ठिकाणी नाक्यावर दाखला मागाल, तर कोणी तपासणीच करून घेणार नाही. ज्याला आपला आजार ठाऊकच नाही, त्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नसते आणि म्हणून त्याला कुणी अडवतही नाही. माझ्याकडे येणारे पुरुष नाव बदलून येत. औषध चालू ठेवण्यासाठी तेच बदललेले नाव त्यांना गावाकडच्या केंद्रातही सांगावे लागे आणि तिथे शेजारी मात्र त्यांना खऱ्या नावाने हाक मारत.

---

नियमावली

सावलीताई, दाखल्याची सूचना मी मागे घेतो. नदीत उडी मारणाऱ्यांचे वाचूनही वाईट वाटले. पण माझा मूळ प्रश्न उरतोच. सीमा उघडी ठेवायची तर जबाबदारी कोणाची? हापूसवाली ताईंच्या माणसाची नोंद भारतात 'उपचार अर्धवट सोडला' अशी झाली असेल आणि नेपाळमध्ये 'नवा रुग्ण' अशी. दोघांच्याही वहीत तो अपयशी. उत्तरदायी कोणीच नाही.

---

निवृत्त वैद्य

हा प्रश्न मात्र नेमका आहे आणि याचे उत्तर मला आवडणारे नाही. प्रत्येक जिल्ह्याला आपला आकडा स्वच्छ हवा असतो. नेपाळमध्ये हिवतापाचे जे रुग्ण आता आढळतात, त्यांपैकी बरेच 'बाहेरून आलेले' म्हणून वेगळ्या रकान्यात जातात. त्यांत आपल्या मुंबई-गुजरातकडे मजुरी करून परतलेले असतात. आपण त्यांना 'स्थलांतरित' म्हणतो आणि दुसऱ्या रकान्यात टाकतो. निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात तर एकेका रुग्णासाठी दोन अधिकारी भांडतात की, हा तुझा, माझा नाही.

शिवाय बातमीचा प्रवास पाहा. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार प्रत्येक देशाचे एक अधिकृत संपर्क केंद्र असते, आपले दिल्लीत आणि त्यांचे काठमांडूत. रक्सौलमध्ये हगवणीची साथ आली तर कागद मोतिहारी, पाटणा, दिल्ली, काठमांडू असा फिरून वीरगंजला पोचायचा. पुलावरून चालत गेले तर अर्धा तास. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या सीमा-बैठका होतात, मी स्वतः बसलो आहे. समोशे उत्तम असतात. पण खरे काम त्या बैठकीनंतर चहाच्या टपरीवर एकमेकांचे मोबाइल नंबर घेतल्यावर सुरू होते. आणि त्यांतला एक बदली होऊन गेला की संपते.

---

गंडकीकाठ

वैद्यकाका, ओल्या शाईचा शेवट मी सांगितलाच नव्हता. त्या प्रसंगानंतर मी वीरगंजच्या बाजूच्या पर्यवेक्षकाला जाऊन भेटलो आणि आम्ही ठरवले की, दोन्ही बूथवर शाई पाहिली की पुन्हा पाजायचे नाही, फॉर्ममध्ये 'पलीकडे दिलेला' असे लिहायचे. वरून परवानगी घेतली नाही, कारण मागितली असती तर मिळाली नसती. दशैं आणि छठ या सणांच्या गर्दीत ते फार उपयोगी पडले. माझी बदली झाल्यावर पुढच्या फॉर्ममध्ये तो शेरा गाळला गेला, असे नंतर कळले.

त्यामुळे मूळ प्रश्नावर माझे मत असे झाले आहे की, सीमा बंद करण्यापेक्षा तो एक शेरा छापील होणे अधिक अवघड आहे.

---

हापूसवाली

आमचा माणूस आता पूर्ण बरा आहे. या वर्षी त्याच्या भावाला औषध चालू आहे. जून जवळ आला, म्हणून काल आशाताईंबरोबर बसून कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले : औषधांची नावे, कोणत्या दिवसापासून किती गोळ्या, बागेचा फोन नंबर आणि वैद्यकाकांचे ते वाक्य, "गोळी वेगळी दिसेल, तीच घ्या." भावाला ते तीन वेळा मोठ्याने वाचायला लावले.

जोशीसाहेब, एक काम आहे. २४ फेब्रुवारीला औषध सुरू झाले. त्याची विक्रम संवतातली तारीख काढून द्याल का? इथल्या पंचांगातली तिथी तिकडे चालत नाही, असे तोच म्हणतो.

---

काठमांडूकर जोशी

संध्याकाळी तिकडच्या पात्रोत, म्हणजे पंचांगात पाहून वैयक्तिक संदेशात पाठवतो. फाल्गुनातली येईल, पण दिवस नक्की करूनच लिहा.